गीतातील ‘मी’ : एक अनुवादविषयक विचार

१

गीत कानावर पडले की ‘हे कोण बोलत आहे?’ असा प्रश्न श्रोत्याच्या मनात सहसा उठत नाही. सुराच्या ओघात तो विरून जातो. समीक्षेला मात्र तो टाळता येत नाही. कवितेतील ‘मी’ आणि कवितेचा कर्ता यांत अंतर असू शकते, हे तत्त्व आपल्याकडे आता सर्वमान्य झाले आहे. गीताच्या बाबतीत या दोघांत तिसऱ्याची भर पडते, ती म्हणजे प्रत्यक्ष गाणाऱ्याची. कर्ता, गाता आणि गीतातला ‘मी’ हे तिघे कधी एकरूप असतात, कधी परस्परांपासून फार दूर असतात. या तिघांचे नाते कसे जुळते यावर गीताचा अर्थ पुष्कळ अंशी अवलंबून राहतो.

गेल्या काही दशकांत इंग्रजी गीतसृष्टीत कलावंतांचा एक वर्ग पुढे आला आहे. हे कलावंत स्वतः गीत रचतात, स्वतः चाल बांधतात आणि स्वतःच गातात. मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्यांचा आश्रय न घेता, किंवा तो क्वचितच घेऊन, ते आपली वाट चालतात. त्यांपैकी काही आशियाई वंशाचे अमेरिकन आहेत, आणि त्यांतील काहींनी आपण समलिंगी, उभयलिंगी किंवा ‘क्वीअर’ असल्याचे उघडपणे सांगितले आहे. मराठी वाचकाला हा प्रकार दूरचा व परका वाटण्याचा संभव आहे. परंतु या गीतांचा मराठीत अनुवाद करावयास बसले म्हणजे आपल्याच भाषेच्या व्याकरणातील आणि आपल्याच गीतपरंपरेतील काही गोष्टी नव्याने दिसू लागतात. त्या गोष्टींचे विवरण करणे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम संज्ञांविषयी थोडेसे. ‘क्वीअर’ हा शब्द इंग्रजीत दीर्घकाळ शिवीसारखा वापरला जात असे. ज्यांना तो उद्देशून वापरला जाई त्यांनीच विसाव्या शतकाच्या अखेरीस तो अभिमानाने उचलला, आणि रूढ स्त्री-पुरुष चौकटीत न बसणाऱ्या सर्वांसाठी तो व्यापक अर्थाने रूढ झाला. मराठीत ‘समलिंगी’, ‘उभयलिंगी’, ‘पारलिंगी’, ‘तृतीयपंथी’ असे शब्द आहेत. परंतु त्यांतील प्रत्येक शब्द एकेक विशिष्ट अर्थ सांगतो आणि सर्वांना सामावून घेणारा शब्द आपल्यापाशी नाही. म्हणून ‘क्वीअर’ हाच शब्द येथे स्वीकारला आहे.

२

गीत, चाल आणि गायन या तिन्ही गोष्टी एकाच व्यक्तीकडे असणे ही कल्पना आपल्याला नवी नाही. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला, त्यात शब्द आणि स्वर या दोहोंची रचना करणाऱ्यास ‘वाग्गेयकार’ म्हटले आहे. आपले संत कीर्तनात स्वतःचे अभंग गात, आणि शाहीर फडावर स्वतःच्या लावण्या म्हणत. तथापि शाहिरीतही या कामांची वाटणी झालेली आढळते. ‘होनाजी बाळा’ हे नाव एकाचे वाटले तरी ते दोघांचे आहे. त्यांपैकी होनाजी रचणारा आणि बाळा करंजकर गाणारा.

विसाव्या शतकातील भावगीताने ही वाटणी पूर्णत्वास नेली. कवी एक, संगीतकार दुसरा आणि गायक तिसरा असा संकेतच पडून गेला. ‘गीतरामायण’ हे त्याचे सर्वांत ठळक उदाहरण होय. ग. दि. माडगूळकरांची ५६ गीते सुधीर फडके यांनी स्वरबद्ध केली, आणि १९५५ ते १९५६ या वर्षात आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून ती निरनिराळ्या गायक-गायिकांच्या आवाजात प्रसारित झाली. पुढे फडके यांनी हीच गीते जाहीर कार्यक्रमांतून एकट्याने गाइली. त्यांत सीतेचे व कौसल्येचे बोल आले, तेव्हा पुरुषाच्या कंठातून स्त्रीचा ‘मी’ ऐकताना कोणाही श्रोत्याला अडखळल्यासारखे झाले नाही. गीतातला ‘मी’ पात्राचा, गायक केवळ त्याचा वाहक, ही जाणीव आपल्या श्रोत्यांत इतकी खोल मुरलेली आहे.

अमेरिकेत सहाव्या व सातव्या दशकांत लोकगीतांच्या पुनरुज्जीवनाबरोबर वेगळीच अपेक्षा रुजली. बॉब डिलन, जोनी मिचेल यांसारख्या कलावंतांमुळे गीतकार-गायकाचा ‘मी’ हा त्याचा स्वतःचा ‘मी’ असला पाहिजे, निदान तसा भास तरी झाला पाहिजे, असे श्रोत्यांना वाटू लागले. डिलन यांना २०१६ साली साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले तेव्हा गीताला साहित्य म्हणावे की नाही यावर पुष्कळ वाद झाला. पण त्या निमित्ताने निवेदक ‘मी’ची ही नवी मीमांसा मात्र फारशी कोणी केली नाही. आशियाई वंशाच्या अमेरिकनांनी या परंपरेत आपला आवाज मिसळला तो १९७३ मध्ये. क्रिस इजिमा, नोबुको मियामोतो आणि चार्ली चिन या तिघांनी त्या वर्षी ‘अ ग्रेन ऑफ सँड’ ही ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध केली. तेथे ‘आम्ही’ बोलत होते, एक समाज बोलत होता. त्या ‘आम्ही’तून एकट्या व्यक्तीचा ‘मी’ वेगळा होऊन बोलू लागण्यास पुढे बराच काळ लागला.

३

या नव्या ‘मी’कडे वळण्यापूर्वी आपल्याकडील परकाया-प्रवेशाचा विचार केला पाहिजे. मराठी गीतात पुरुषाने स्त्रीच्या आवाजात बोलणे हा अपवाद नसून जवळजवळ नियम आहे. ज्ञानदेवांच्या विराण्यांत प्रियकरासाठी झुरणारी विरहिणी बोलते. तुकोबांच्या गौळणींत गोपी बोलते. पेशवाईच्या उत्तरकाळातील लावणीत स्त्रीच्या मनातील आर्जव, रुसवा आणि वासना पुरुष शाहिरांनी शब्दबद्ध केली. आधुनिक काळात सुरेश भटांनीही स्त्रीमुखी गीते लिहिली. या सर्वांमागे एक प्रकारचा परवाना आहे. भक्तीत जीव हा स्त्री आणि परमात्मा हा पुरुष, या रूपकाने तो दिला. लावणीत रंजनाने व फडाने दिला.

रंगभूमीने हा परवाना देहापर्यंत नेला. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व (१८८८-१९६७), यांनी ‘स्वयंवर’ (१९१६) मधील रुक्मिणी आणि ‘एकच प्याला’ (१९१९) मधील सिंधू या भूमिकांतून मराठी मनावर जे गारूड केले त्याची तुलना करावयास दुसरे उदाहरण नाही. त्यांच्या लुगड्याची नेसण व दागिन्यांची ठेवण घरंदाज स्त्रियांनी उचलली, असे त्या पिढीतील लोक सांगत आले आहेत. परंतु येथे एक भेद ध्यानी घेतला पाहिजे. बालगंधर्वांनी गाइलेली पदे खाडिलकर, गुर्जर आदींची. त्यांतील ‘मी’ रुक्मिणीचा अथवा सिंधूचा. पडदा पडला की तो ‘मी’ही संपे. समाजाने त्यांना निःसंकोच डोक्यावर घेतले याचे एक कारण त्यांची अलौकिक गायकी हे होतेच. दुसरे कारण असे की त्या गीतातील ‘मी’ नारायणरावांविषयी काहीच सांगत नव्हता.

तमाशातल्या नाच्याच्या वाट्याला हे भाग्य आले नाही. आनंद यादवांची ‘नटरंग’ (१९८०) ही कादंबरी आणि तिच्यावर आधारलेला २०१० सालचा चित्रपट आपल्या वाचकांस परिचित आहे. नाच्याची भूमिका पत्करलेल्या पहिलवान गुणाला समाज भूमिकेपासून वेगळा काढीतच नाही. रंगमंचावरचा हावभाव त्याच्या देहाला कायमचा चिकटतो आणि तिची किंमत त्याला मोजावी लागते. एकच कृती, नाटकगृहात तिला पुष्पहार, फडावर तिला अवहेलना. जात, वर्ग आणि रंगभूमीची प्रतिष्ठा यांनुसार परवान्याचे मोल कसे बदलते, ते येथे स्पष्ट होते.

आमच्या छत्तीसगडातील ‘नाचा’ या लोकनाट्यातही हेच दृश्य आहे. त्यातील ‘परी’ ही स्त्रीभूमिका परंपरेने पुरुषच करीत आले, आणि तिच्याभोवती ‘जोक्कड’ या विदूषकाचा खेळ रंगत गेला. दाऊ मंदराजी यांनी नाचाच्या मंडळीला सुसंघटित रूप दिले. रायपूरला १९२३ साली जन्मलेल्या आणि नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकलेल्या हबीब तन्वीर यांनी नाचातील कलावंतांना सोबत घेऊन ही कला देशाच्या आणि जगाच्या रंगमंचावर नेली. नाचाच्या परीवर रात्रभर नाणी उधळणारे गाव सकाळी त्याच माणसाकडे कोणत्या नजरेने पाहते, हा प्रश्न गुणाच्या प्रश्नाहून वेगळा नाही.

तिसरा परवाना दैवताचा. कर्नाटकातील सौंदत्तीच्या यल्लम्माला वाहिलेला जोगता लुगडे नेसतो, डोक्यावर जग घेतो आणि चौंडक्याच्या साथीवर देवीची गाणी म्हणत गावोगाव हिंडतो. राजन गवस यांच्या ‘भंडारभोग’ (१९८८) या कादंबरीने या जीवनाची दाहकता मराठी वाचकांसमोर मांडली, आणि २००९ च्या ‘जोगवा’ चित्रपटाने ती सर्वदूर पोहोचविली. जोगत्याचा ‘मी’ रंगमंचावर संपत नाही. तो आयुष्यभराचा आहे. परंतु तो देवीने दिलेला किंवा देवीच्या नावाने समाजाने लादलेला आहे. कधी तो एखाद्याच्या आंतरिक ओढीला आश्रय देतो, कधी एखाद्याचे आयुष्य त्याच्या इच्छेविरुद्ध उद्ध्वस्त करतो. दोन्ही वेळा त्याच्या तोंडी येणारे गाणे देवीचेच असते. कर्नाटकात मंजम्मा जोगती यांना राज्याच्या जानपद अकादमीचे अध्यक्षपद आणि पुढे २०२१ मध्ये पद्मश्री हा सन्मान लाभला, ही या परंपरेच्या कलेला मिळालेली उशिराची पण मोठी मान्यता होय.

भक्ती, रंगभूमी आणि दैवत हे ते तीन परवाने. स्त्री-पुरुष भेदाची सीमा ओलांडण्याची मोकळीक त्यांनी आपल्या गीताला दिली, पण एका अटीवर. गाणाऱ्याने ‘हा माझा स्वतःचा मी आहे’ असे म्हणता कामा नये, ही ती अट.

४

ही अट न मानणारा गीतकार-गायक कसा असतो हे पाहण्यासाठी एक उदाहरण घेऊ. रवीना अरोरा यांचा जन्म १९९३ साली अमेरिकेत, भारतातून गेलेल्या पंजाबी शीख कुटुंबात झाला. न्यूयॉर्क विद्यापीठात त्यांनी संगीतनिर्मितीचे शिक्षण घेतले. २०१७ साली ‘शांती’ हा छोटा गीतसंग्रह त्यांनी स्वतंत्रपणे प्रसिद्ध केला. त्यानंतर ‘ल्यूसिड’ (२०१९), ‘मूनस्टोन’ (२०२०), ‘आशाज् अवेकनिंग’ (२०२२) आणि ‘व्हेअर द बटरफ्लाइज गो इन द रेन’ (२०२४) असे त्यांचे संग्रह आले. आपण क्वीअर असल्याचे त्यांनी जाहीरपणे सांगितले आहे, आणि ‘टेम्प्टेशन’ या २०१८ मधील गीताच्या चित्रफितीत प्रिय व्यक्ती स्त्रीच आहे. २०२२ च्या एप्रिलमध्ये कॅलिफोर्नियातील कोचेला महोत्सवात त्यांनी स्वतःचा कार्यक्रम सादर केला. त्या महोत्सवात एकल कार्यक्रम करणारी भारतीय वंशाची पहिली स्त्री अशी त्यांची नोंद वृत्तपत्रांनी केली.

‘स्वतंत्र’ या विशेषणाचा अर्थ येथे समजून घेणे अगत्याचे आहे. एक स्वातंत्र्य आर्थिक असते. ध्वनिमुद्रणाची साधने स्वस्त झाली, गीत थेट श्रोत्यापर्यंत पोहोचविण्याची सोय झाली, त्यामुळे कंपनीच्या संमतीवाचून गीत प्रसिद्ध करता येऊ लागले. हे स्वातंत्र्य सापेक्ष आहे. रवीना यांचा २०२२ चा संग्रहही वॉर्नर या मोठ्या कंपनीमार्फतच निघाला. आणि ते निर्धास्तही नसते. आपल्याकडे पठ्ठे बापूराव (१८६६-१९४५) यांनी जात, घर व मानमरातब सोडून तमाशाचा फड स्वीकारला. हजारो लोकांनी त्यांच्या लावण्या डोक्यावर घेतल्या आणि अखेरीस त्यांच्या वाट्याला विपन्नावस्था आली. दुसरे स्वातंत्र्य उच्चाराचे असते. कोणत्या ‘तू’ला उद्देशून गावयाचे, हे ठरविण्याचा तो अधिकार. ज्या व्यवसायात श्रोत्यांच्या रुचीची धास्ती घेऊन प्रिय व्यक्तीचे लिंग बदलले जाते किंवा झाकले जाते, तेथे हे दुसरे स्वातंत्र्य पहिल्यावर अवलंबून असते. म्हणूनच या कलावंतांच्या बाबतीत ‘स्वतंत्र’ हे विशेषण वाङ्मयीन अर्थानेही महत्त्वाचे ठरते.

‘आशाज् अवेकनिंग’ हा संग्रह आपल्या विवेचनाला आणखी एका कारणाने उपयोगी आहे. त्यात ‘आशा’ नावाच्या पंजाबी राजकन्येची, अंतराळात जाणाऱ्या नायिकेची, कल्पित कथा आहे. म्हणजे स्वतःच्या ‘मी’ने बोलणारी ही कवयित्रीही भूमिका घेतेच. फरक इतकाच की तिची भूमिका तिला लपविण्यासाठी आलेली नाही. याच संग्रहात आशा पुथली यांनीही आपला आवाज दिला आहे. १९४५ साली मुंबईत जन्मलेल्या पुथली शास्त्रीय संगीताची तालीम घेऊन अमेरिकेत गेल्या आणि ऑर्नेट कोलमन या श्रेष्ठ जॅझ कलावंताच्या ‘सायन्स फिक्शन’ (१९७२) या ध्वनिमुद्रिकेत गायल्या. पुढे त्यांनी ‘द डेव्हिल इज लूज’ (१९७६) सारखे संग्रह काढले, आणि त्यांतील ‘स्पेस टॉक’ या गीताचे तुकडे नंतरच्या हिप-हॉप कलावंतांनी आपल्या रचनांत वापरले. मुंबईहून निघालेला एक आवाज जवळजवळ पन्नास वर्षांनी आपल्या नातीच्या वयाच्या कवयित्रीशेजारी ऐकू यावा, यात परंपरेचा एक नवा अर्थ आहे. घराण्यातून न आलेली, रक्ताच्या नात्यातूनही न आलेली, परंतु स्वतः निवडलेली अशी ही परंपरा आहे.

५

आता अनुवादाकडे वळू. मराठी, हिंदी, छत्तीसगढी आणि इंग्रजी या चार भाषा रायपूरमध्ये नित्य कानावर पडतात. अनुवादाची येथे जुनी परंपराही आहे. माधवराव सप्रे (१८७१-१९२६) यांनी लोकमान्यांचे ‘गीतारहस्य’ आणि समर्थांचा ‘दासबोध’ हिंदीत आणला. या चार भाषा शेजारी ठेवल्या की ‘मी’च्या लिंगाचा प्रश्न फार स्पष्ट होतो.

‘मी वाट पाहत होतो, तू आलास’ हे साधे वाक्य घ्या. प्रेमगीतात असे वाक्य कोठेही येऊ शकेल. इंग्रजीत त्याचे रूप एकच आहे. बोलणारा कोण आणि येणारा कोण हे त्यातून कळत नाही. मराठीत त्याची चार रूपे होतात : होतो-आलास, होतो-आलीस, होते-आलास, होते-आलीस. यांपैकी दोन रूपे आपल्या कानाला रोजची आहेत आणि दोन ऐकताच कान टवकारले जातात. छत्तीसगढीत पुन्हा एकच रूप, कारण ‘मैं जाथंव’ हे स्त्रीही म्हणते आणि पुरुषही म्हणतो. तृतीय पुरुषी ‘ओ जाथे’ यातही भेद नाही. म्हणजे ज्या गीताला न्यूयॉर्कमध्ये जी अस्पष्टता लाभते तीच रायपूरजवळच्या खेड्यात लाभेल, पुण्यात लाभणार नाही. भाषा आधुनिक आहे की ग्रामीण, याचा येथे काहीही संबंध नाही.

मग मराठीला हे साधणारच नाही काय? वस्तुतः तसे नाही. सकर्मक भूतकाळात आपले क्रियापद कर्माशी जुळते, म्हणून ‘मी गाणे लिहिले’, ‘तू मला पाहिलेस’ यांत बोलणाऱ्याचे लिंग कळत नाही. ‘मी येईन’, ‘तू येशील’ हा भविष्यकाळ मुक्त आहे. हिंदीत तोही बांधलेला आहे. ‘मला वाटते’, ‘मला आठवते’ ही चतुर्थीची रचना मुक्त आहे. ‘आम्ही गेलो’, ‘तुम्ही आलात’ ही अनेकवचनेही मुक्त आहेत. ‘मी तुझ्यावर प्रेम करतो’ यात बोलणारा उघड होतो. ‘माझे तुझ्यावर प्रेम आहे’ यात होत नाही. वरचे वाक्यही ‘माझी नजर वाटेकडे होती, तुझी पावले दारात वाजली’ असे म्हटले की चारही अर्थ एका रूपात सामावतात. इतकेच काय, ‘मी आलो’, ‘मी जातो’ असे कोल्हापूरकडच्या आणि वऱ्हाडातल्या बायका सहज म्हणतात. ‘स्त्रीने आलेच म्हणावे’ हा नियम प्रमाण लेखनाचा आहे, सगळ्या मराठीचा नव्हे.

तेव्हा अडचण भाषेच्या असमर्थतेची नाही, निवडीची आहे. आणि येथेच अनुवादकाकडून दोन प्रकारचे अन्याय संभवतात. पहिला अन्याय झाकण्याचा. स्त्रीने स्त्रीला उद्देशून गाइलेल्या गीताचा अनुवाद ‘तू आलास’ असा केला, तर वाक्य कानाला गोड लागेल आणि मूळ गीत मात्र पुसले जाईल. हे अज्ञानाने घडते त्याहून अधिक सवयीने घडते, कारण लेखणी रूढ जोडीकडे आपोआप वळते. दुसरा अन्याय उघडे पाडण्याचा. ज्या गीताने जाणूनबुजून काही सांगितलेले नाही, ज्यातील ‘तू’ श्रोत्याने आपल्या मनातून भरावयाचा आहे, त्याला केवळ कवयित्रीचे चरित्र ठाऊक आहे म्हणून ‘आलीस’ हे रूप चिकटविणे हीही जबरदस्तीच होय. मूळ गीत जेथे बोलते तेथे बोलावे, जेथे मौन पाळते तेथे मौन पाळावे, हा साधा नियम आहे. तो पाळण्यासाठी मात्र मराठी क्रियापदाच्या सर्व वाटा ठाऊक असाव्या लागतात.

तृतीय पुरुषाचा प्रश्न अधिक अवघड आहे. जे स्वतःस स्त्रीही म्हणवीत नाहीत आणि पुरुषही म्हणवीत नाहीत, त्यांच्यासाठी इंग्रजीने अनेकवचनी सर्वनाम एकवचनात वापरण्यास आरंभ केला आहे. मराठीत नपुंसकलिंग आहे, परंतु ‘ते’ हे रूप वस्तूला व लहान मुलाला लावले जाते. मोठ्या माणसाला ते एकवचनात लावणे अपमानाचे ठरेल. आदरार्थी ‘ते’ हे रूप त्याहून बरे, पण ‘ते आले’ यात पुरुषच दिसतो. ‘त्यांनी गाइले’, ‘त्यांना वाटले’, ‘त्यांचे गीत’ ही रूपे मात्र पूर्णपणे मुक्त आहेत. आदर दाखविण्यासाठी भाषेने जी रूपे घडविली तीच येथे उपयोगी पडावीत, हा योगायोग मोठा अर्थपूर्ण आहे.

६

मराठी साहित्याने या ‘मी’कडे कसा प्रवास केला याची दोन ठळक स्थाने आहेत. विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक १९८१ साली रंगभूमीवर आले. स्त्रीवर प्रेम करणाऱ्या मित्राची, म्हणजे सुमित्राची, ही शोकांतिका आहे. मराठीत हा विषय इतक्या गांभीर्याने मांडणारे हे पहिल्या नाटकांपैकी एक होय. परंतु नाटकाचे निवेदन बापू या तरुणाकडे आहे. म्हणजे गोष्ट मित्राची, पण सांगणारा दुसरा. त्या काळी प्रेक्षकांपर्यंत ती गोष्ट पोहोचण्यासाठी बहुधा असा मध्यस्थ आवश्यक होता.

त्यानंतर पंचवीस वर्षांनी, २००६ मध्ये, सचिन कुंडलकर यांची ‘कोबाल्ट ब्लू’ ही कादंबरी आली. तिच्यात तनय आणि अनुजा हे भाऊ-बहीण एकाच पुरुषावर प्रेम करतात. दोघेही प्रथम पुरुषात बोलतात, आणि तनयचे निवेदन थेट त्या प्रिय व्यक्तीला, ‘तू’ला, उद्देशून आहे. मध्यस्थ येथे उरलेला नाही. आणि जे इंग्रजीत संदर्भाने सांगावे लागते ते मराठीत क्रियापदाचा एक प्रत्यय सांगून जातो. जेरी पिंटो यांनी २०१३ मध्ये या कादंबरीचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांच्यासमोर आपल्या नेमकी उलट समस्या असणार : मराठी प्रत्ययाने जे सहज सांगितले ते इंग्रजीत कोठे ठेवावे? ज्या व्याकरणाला आपण बंधन म्हणतो तेच येथे कबुलीचे साधन झाले आहे. पुरुषाने पुरुषाला ‘तू आलास’ म्हणावे, एवढ्या एका अक्षरात त्या प्रेमाची सारी वेदना आणि सारे धैर्य सामावते. इंग्रजी गीतकाराला ही तीव्रता लाभत नाही.

कादंबरीने जे केले ते गीताने करावयाचे आहे. त्याचे संकेत दिसू लागले आहेत. २०१८ साली मुंबईचे सुशांत दिवगीकर यांनी ‘राणी कोहिनूर’ या नावाने एका हिंदी दूरचित्रवाणी गायनस्पर्धेत एकाच मंचावर पुरुष व स्त्री अशा दोन्ही आवाजांत गाऊन दाखविले. हा बालगंधर्वांच्या परंपरेचा वारसा आहे. फरक असा की येथे पडदा पडल्यावर ‘मी’ संपत नाही. तथापि स्पर्धेतील गीते इतरांनी लिहिलेली असतात. स्वतःच्या शब्दांत, स्वतःच्या चालीत, स्वतःच्या ‘मी’ने मराठीत गाणाऱ्या क्वीअर वाग्गेयकाराची परंपरा अद्याप आपल्याकडे उभी राहावयाची आहे.

७

या विवेचनावर एक आक्षेप संभवतो. कलाकृतीचा विचार कर्त्याच्या खासगी जीवनापासून अलिप्त राहून करावा, हे तत्त्व आपण कष्टाने प्रस्थापित केले. मग कवयित्री कोणावर प्रेम करते याची उठाठेव समीक्षेने का करावी? आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तरही त्यातच आहे. अनुवादक जेव्हा सवयीने ‘आलीस’चे ‘आलास’ करतो तेव्हा तो चरित्र दूर ठेवीत नाही. तो एका चरित्राच्या जागी दुसरे, बहुसंख्यांचे चरित्र आणून बसवितो. कलाकृतीशी निष्ठा राखावयाची तर तिच्यातील संबोधनाशीही निष्ठा राखली पाहिजे. विराणीतील विरहिणीला पुरुष करून टाकणारा अनुवादक आपण क्षम्य मानणार नाही. तोच न्याय येथेही लावावा.

शिवाय या प्रत्ययामागे माणसे आहेत. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी पारलिंगी व्यक्तींचा स्वतःचे लिंग स्वतः सांगण्याचा हक्क मान्य केला, आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून काढले. २०२१ मध्ये छत्तीसगडच्या पोलीस दलात १३ पारलिंगी व्यक्ती शिपाई म्हणून निवडल्या गेल्या. कायदा माणसाला हक्क देतो, परंतु त्याला बोलण्यासाठी वाक्य देत नाही. ते साहित्याने द्यावयाचे असते. ज्या तरुणाला किंवा तरुणीला आपल्या मनातील ओढ मातृभाषेत बोलून दाखविण्यासाठी एकही गीत सापडत नाही, ती व्यक्ती ते परभाषेत शोधते आणि हळूहळू मानू लागते की आपली भाषा आपल्यासाठी नाहीच. ही हानी त्या एका व्यक्तीची तितकीच मराठीचीही आहे.

मराठीने विरहिणीला शब्द दिले, गोपीला दिले, जोगत्याच्या चौंडक्याला ताल दिला. परवान्याखाली का होईना, सीमा ओलांडण्याचा तिचा सराव सातशे वर्षांचा आहे. त्या सरावाच्या बळावर परवान्यावाचून बोलणाऱ्या ‘मी’लाही ती आपल्या व्याकरणात जागा देऊ शकेल, असे मानण्यास पुष्कळ आधार आहे. अनुवादकाचे काम त्या आधी थोडी वाट साफ करण्याचे आहे : ‘आलास’ आणि ‘आलीस’ या दोहोंपैकी प्रत्येक वेळी मूळ गीताने कोणता शब्द मागितला आहे, तो थांबून, ऐकून, मगच लिहिण्याचे.